चौकटीतलं बटण

रत्नदीपच्या बाबांची वाचा गेली आणि त्यांना काय म्हणायचंय ते घरात सगळ्यांना कळायला लागलं. फक्त प्रत्येकाला वेगळं कळायचं. आईला, म्हणजे धुरपताबाईला, वाटायचं त्यांना पाणी हवं. बहिणीला, मोनालीला, ती वर्ध्याहून आली की वाटायचं बाबांना उठून बसायचंय. शेजारचा तानबा तर दारातूनच निकाल द्यायचा, "हरिदासभाऊले बिडी पाह्यजे. दुसरं काई नाई." आणि खाटेवर बाबा, उजवं अंग लुळं, तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे मात्र लख्ख. ज्याच्याकडे बघतील त्याला आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं, असे डोळे.

"समजतं त्यांना सगळं," वर्ध्याचे डॉक्टर म्हणाले होते. "आत जातं, बाहेर येत नाही."

बाहेर यायला वाट हवी म्हणून घरच्यांनी काय काय केलं नाही! मान हलवून सांगा म्हणावं, तर लकव्यानं मान कायमच हलत असायची. डाव्या हातात खडू दिला, तर पाटीवर नुसत्या रेघोट्या. मग ठरलं, एक बोट म्हणजे हो, दोन बोटं म्हणजे नाही. पण विचारणारा जेवढी बोटं दाखवून विचारी तेवढीच बाबा दाखवीत. धुरपताबाई एक बोट वर करून विचारायची, "भाकर देऊ का?" की बाबांचं एक बोट वर. दोन करून विचारलं की दोन. तिला हसू यायचं. त्या दिवसांत त्या घरात हसायची थोडी सोय होती अजून.

रत्नदीपला मात्र हसू येत नसे. तो हिंगणघाटला एका नेट कॅफेत ऑपरेटर होता. रोज सकाळी वडनेरहून एसटीनं जायचं, संध्याकाळी यायचं. येताना दाराच्या उंबऱ्यावरच त्याचा पाय जड व्हायचा, कारण आत बाबा त्याची वाट पाहत असायचे. तो आला की ते घशातून एक आवाज काढायचे आणि त्याच्याकडे बघत राहायचे. दिवसभर साठवलेलं काहीतरी त्यांना आपल्या पोराला सांगायचं असायचं. रत्नदीप शेजारी बसायचा, हात हातात घ्यायचा आणि उगाच काहीतरी बोलायचा. बस पंक्चर झाली, हायवेवर ट्रक उलटला. बाबा डोळे मिटून घ्यायचे.

कॅफेत त्याला स्क्रिप्टची, म्हणजे संगणकाला हुकूम लिहून द्यायची, एक भाषा सापडली होती. फुकट मिळणारी, शिकायला सोपी, आणि संगणकाच्या खिडक्या-बटणांना बोटावर नाचवणारी. गिऱ्हाइकाची वेळ संपली की तिच्याकडून तो पडद्यावर एक छोटा बॉक्स आणायचा. ‘अजून बसायचंय का?’ खाली दोन बटणं, येस आणि नो. एका दुपारी एक शेतकरी त्या बॉक्सकडे बराच वेळ बघत बसला आणि शेवटी म्हणाला, "हे का इचारून राह्यलं गा? का दाबू?" रत्नदीपनं त्याला येस दाखवलं. तो गेला आणि रत्नदीपच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. बाबांचा डावा हात चालतो. बोट चालतं. बटण तर दाबता येतं!

पण घोडं अडलं ते बटणांच्या नावांवर. बाबांना इंग्रजी कुठून येणार? आणि त्या बॉक्सची बटणं तर ठरलेली. ओके, कॅन्सल, येस, नो. आपल्या मनातलं नाव द्यायची सोयच नाही. रत्नदीप गिऱ्हाईक नसलं की त्या भाषेची मदतीची पानं चाळत बसायचा. अखेर एक युक्ती मिळाली. बॉक्स उघडायच्या आधीच स्क्रिप्टचा एक तुकडा टपून बसवायचा. बॉक्स पडद्यावर आला रे आला की त्यानं झडप घालून बटणांची नावं बदलायची. आत येस ते येसच राहतं, वर पाटी आपली. वर्गात दुसऱ्याच्या नावानं हजेरी द्यावी तसलाच प्रकार. मराठी अक्षरं लिहिली की त्या भाषेला काही बोध होत नसे, बटणावर प्रश्नचिन्हांची रांग उभी राहायची. त्यावर तोड म्हणून, कॅफेत अर्ज टाइप करायचा जो जुना मराठी फॉन्ट होता तोच त्यानं संगणकाच्या सगळ्या बॉक्सना लावून टाकला, अक्षरं बोटभर मोठी करून.

कॅफेच्या मालकानं नवी यंत्रं आणली तेव्हा जुन्यातलं एक रत्नदीपला नेऊ दिलं. ते वडनेरला बाबांच्या खाटेपाशी मांडलं. फॉन्टची गंमत अशी झाली की हा संगणक स्वतःहून काही सांगायला गेला की मराठीत बरळायचा. फाइल सापडत नाही म्हणायचं असलं तरी पडद्यावर ‘ठंक्ष्ढझ’ असलं काहीतरी भूत उभं राहायचं. यंत्र जुनं, त्यामुळं बटणांवर आधी क्षणभर तसलंच भूत, मग मराठी. पण उमटायचं खरं. ‘हो’ आणि ‘नाही’.

धुरपताबाईनं निरखून पाहिलं आणि म्हणाली, "नाही? हे कोन म्हनते आपल्या घरी? थे जनमभर नाई म्हनत आले. नाई लिव."

रत्नदीपनं पाटी बदलली. ‘हो’ आणि ‘नाई’. बाबांचाच शब्द, बाबांच्याच तोंडचा. त्याला एवढा आनंद झाला की तो तसाच उठून बाहेर गेला आणि कडुनिंबाखाली थोडा वेळ उभा राहिला.

प्रश्न लिहायला स्वतःसाठी एक कीबोर्ड ठेवून बाबांच्या कीबोर्डच्या कळा त्यानं उपसून काढल्या, दोनच ठेवल्या. एक दाबली की निवडीची काळी चौकट एका बटणावरून दुसऱ्यावर सरकायची. दुसरी दाबली की चौकटीतलं बटण पक्कं. आता असल्या बॉक्सची रीत अशी की उघडतानाच चौकट कुठल्यातरी एका बटणावर असते. कुठल्या, ते स्क्रिप्टमधल्या एका आकड्यानं ठरतं. रत्नदीपनं ती ‘हो’वर ठेवली. आजारी माणूस जास्त करून हो म्हणणार. पाणी हवं, हो. कूस बदलायची, हो. मग त्याला दोनदा बोट उचलायला कशाला लावा? एकदा दाबलं की झालं. माणूस प्रेमानं विचार करायला लागला की बहुतेक वेळा अर्धाच करतो.

पहिल्या दिवशी बाबांना उशांना टेकवून पडद्यापुढं बसवलं. त्यांनी डाव्या हातानं सदऱ्याच्या गळ्याशी चाचपडायला सुरुवात केली. कुणाला कळेना. धुरपताबाईला कळलं, तिनं वरची गुंडी लावून दिली. हाफिसात साहेबापुढं जाताना ते गुंडी लावत. मग ताठ बसून बाबा पडद्याकडे पाहू लागले.

"चहा पाह्यजे?" रत्नदीपनं पडद्यावरचं वाचून दाखवलं.

बाबांनी बोट उचललं. ते थरथरत कळेवर आलं. ‘हो’ आत दबलं आणि संगणकानं टिंग केलं.

धुरपताबाईनं तोंडाला पदर लावला आणि चहा ठेवायला पळाली. तिच्या डोळ्यांतलं पाणी चुलीच्या धुरावर खपून गेलं. तानबा तर गावभर सांगत सुटला, "हरिदासभाऊ कंपूटरवर बोलून राह्यला बाप्पा!" लोक बघायला येऊ लागले. ‘खिडकी उघडू?’ हो. ‘तानबा आला, बसू देऊ?’ हो. तानबा खूश. लकव्याच्या आधी वर्षभर दोघांत धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, अबोला होता.

अडचण एकच, लोडशेडिंगची. लाइन कधी सकाळी जाई, कधी दुपारपासून संध्याकाळपर्यंत. लाइन गेली की बाबा मुके. "थांबा जरा, लाइन येऊ द्या, मंग बोला," असं धुरपताबाई त्यांना खुशाल सांगायची. सरकारनं विजेबरोबर एका माणसाची जीभही कापून नेली, असं रत्नदीपला वाटायचं. पण लाइन आली की बाबा बोलायचे, आणि नेहमी होच बोलायचे. घरात ते मोठे हट्टी. मऊ भात पुढं आला की ताट सारायचे, दवाखाना म्हटलं की पाठ फिरवायचे. आता मऊ भातालाही हो. "आजारानं मऊ पडले," धुरपताबाई म्हणायची. सगळ्यांना बरंच वाटायचं.

हट्ट होता तो घरात. कागद पुढं आला की हाच माणूस पार गरीब व्हायचा. कापसाच्या जिनिंगात रुईच्या गाठी उचलण्यात जन्म गेला. विहारात रात्रीचा वर्ग भरे, तिथं मोठी अक्षरं सावकाश लावायला शिकले आणि सही शिकले. सही मात्र दिमाखदार. रत्नदीपच्या कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी क्लार्कनं पेन्सिलीनं फुलीची खूण करून कागद पुढं सरकवला, तेव्हा बाबांनी एक ओळसुद्धा वाचली नाही. फुली शोधली, तिच्यावर सही ठोकली. बाहेर आल्यावर रत्नदीप चिडला होता, वाचायचं तरी. बाबा म्हणाले, "खून असन थितंच सही कराची. शिकल्या मानसानं पाहूनच खून केली असते. आपन शहानपन करून इकडंतिकडं गेलो का घोटाया." गोष्ट तेवढ्यावर संपली. रत्नदीप ती विसरूनही गेला.

पावसाळा सरता सरता बाबांच्या डाव्या पायाचा अंगठा काळा पडला. म्हणजे त्यातल्या त्यात चालणाऱ्या अंगाचा पाय. साखर जुनीच होती, बिडी त्याहून जुनी. अंगठ्यावरून काळेपणा बोटांवर गेला, मग पावलावर. पुन्हा वर्ध्याचा मोठा दवाखाना. डॉक्टर वयानं रत्नदीपएवढेच, पण थकलेले. त्यांनी रत्नदीपला व्हरांड्यात बोलावलं.

"पाय काढावा लागेल. मांडीपासून. नाही काढला तर विष अंगात भिनेल, मग आपल्या हातात काही नाही. काढला तरी त्यांच्या हृदयाला ऑपरेशन झेपेल अशी हमी मी देत नाही."

"मग काय करू, सर?"

"मला काय विचारता? त्यांना विचारा. ते शुद्धीत आहेत, त्यांना समजतं. तुम्ही ते बटणांचं काहीतरी केलंय ना? तुमची बहीण सांगत होती." डॉक्टर थोडं हसले. "चांगलं केलंत. विचारा आणि लवकर या."

त्या एका वाक्यानं रत्नदीपच्या खांद्यावरचा धोंडा अर्धा उतरला. आपण ठरवायचं नाही. बाबा ठरवतील. बाबांचा पाय, बाबांचा जीव, बाबांचा शब्द. जीपमध्ये बाबांचं डोकं मांडीवर घेऊन वडनेरला येताना तो मनाशी हेच घोळवत होता. आपण नुसतं विचारायचं. मुलगा म्हणून त्याला याहून मोठी सुटका दुसरी नव्हती.

पण घरी एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणी काढत नव्हतं. आदल्या वर्षी गावातल्या एका माणसाचा असाच पाय कापला. त्याला पाहून आल्यावर बाबा ओसरीवर बसून म्हणाले होते, "माह्यावर अशी येळ आली तं कापू नोका देजो. जाईन तं पुरा जाईन. अर्धा राहनार नाई." दर दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जाणारा माणूस. एका वर्षी तर एसटीचा संप होता म्हणून पांढरे कपडे घालून पायी निघाला होता. त्याच्या तोंडी ते वाक्य शोभून दिसलं होतं. धुरपताबाईनं तेव्हा त्यांना झापलं होतं, "अभद्र नोका बोलू." आता ती चुलीपुढं बसून राख सारत होती.

लाइन आली तशी रत्नदीपनं बाबांना बसवलं. धुरपताबाईनं गुंडी लावली. रत्नदीपनं डॉक्टरचं सगळं बोलणं आपल्या भाषेत, काही न लपवता सांगितलं. काढला तर काय, नाही काढला तर काय. बाबा ऐकत होते. डोळे त्याच्या तोंडावरून हलत नव्हते. मग त्यानं बॉक्स उघडला.

‘पाय काढू द्याचा का?’

खाली ‘हो’, ‘नाई’. ‘हो’भोवती काळी चौकट.

बाबांनी पडद्याकडे पाहिलं. मग रत्नदीपकडे. खूप वेळ पाहिलं. रत्नदीपला वाटलं, निरोप घेतायत. घशातून तो नेहमीचा आवाज आला. मग बोट उचललं गेलं आणि कळेवर उतरलं. टिंग.

‘हो.’

"बाबा, पक्कं?" रत्नदीपनं विचारलं. त्यानं घाईघाईनं दुसरा बॉक्स लिहिला. ‘पक्कं ना?’ आकडा तोच, बटणं तीच. बाबांनी या वेळी जराही वेळ घेतला नाही. टिंग.

रत्नदीप ढसाढसा रडला. दुःखानं रडला आणि मोकळं वाटलं म्हणूनही रडला. मरण दारात आलं की माणसाचे जुने बोल गळून पडतात, त्याला जगायचंच असतं, असं त्यानं आईला समजावलं. धुरपताबाई म्हणाली, "तू म्हनतं तं बराबर असन." तिच्या त्या बोलण्याकडे त्यानं लक्ष दिलं नाही.

ऑपरेशन बाबांच्या हृदयाला झेपलं. डॉक्टरांनाही नवल वाटलं. हरिदास वाचले. मांडीला पांढरी पट्टी गुंडाळून घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

त्यानंतरचे दिवस सांगावेत असे नव्हते. बाबा घशातून आवाज काढेनात. रत्नदीप संध्याकाळी आला तरी मान वळवीनात. डावा हात मात्र चादरीवर फिरत राहायचा, जिथं पाय असायला हवा तिथं. चाचपायचा, थांबायचा, परत चाचपायचा. कधीकधी तोंड वेदनेनं वेडंवाकडं व्हायचं आणि कपाळावर घाम यायचा. नसलेला पाय दुखतो म्हणे, तसं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दुखला तर गोळी द्यायची होती.

म्हणून रत्नदीपनं नवा बॉक्स केला. ‘पाय दुखून राह्यला का?’ आणि करता करता त्याच्या मनात आलं, देव करो आणि नाई म्हणोत. खरं तर त्या घरात देवाचं नाव घ्यायची पद्धत नव्हती, पण माणूस खचला की जीभ कुठलीही वाट धरते. असलं काहीतरी मनात असताना त्यानं आकडा बदलला आणि चौकट ‘नाई’वर ठेवली.

बाबांना बसवलं तेव्हा ते विव्हळत होते. डोळ्यांतून पाणी गळत होतं. दातावर दात आवळलेले. बॉक्स उघडला. बाबांनी पाहिलं. बोट उचललं. टिंग.

‘नाई.’

"दुखत नाई?" रत्नदीप चक्रावला. "बाबा, दुखत नाई?"

बाबा त्याच्याकडे बघत होते, कपाळावरचा घाम निथळत होता.

त्यानं आकडा पहिल्यासारखा केला. चौकट ‘हो’वर. तोच प्रश्न. टिंग. ‘हो.’

त्यानं गोळी दिली, पाणी पाजलं, आणि बाबा जरा निवल्यावर परत बसला. त्यानं लिहिलं, ‘मी रत्नदीप हाव ना?’ चौकट ‘नाई’वर. बाबांनी प्रश्न सावकाश लावला, ओठ हलवत. त्यांच्या डोळ्यांत गोंधळ दिसला. पोराकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. मग चौकट शोधून, नीट तिच्यावर नजर ठेवून, त्यांनी कळ दाबली आणि काही चुकलं तर नाही ना अशा चेहऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं. तो चेहरा रत्नदीपनं ओळखला. क्लार्कच्या टेबलापुढं सही करून झाल्यावर बाबा असेच पाहत.

धुरपताबाई जवळच अंबाडीची भाजी निवडत बसली होती. तिनं पडद्यावर नजर टाकली.

"काऊन गा, त्याईची गंमत करून राह्यला का? बापाले असं इचारत असते?"

"आई, बाबा काहीही विचारलं तरी चौकट असन थेच दाबते!"

"मंग?" ती भाजी निवडत म्हणाली. "खून असन थितंच दाबन ना थे. तूच तं खून करून ठेवतं."

"मी?"

"तू नाई तं कोन?" तिला त्यात विशेष काहीच दिसत नव्हतं. "चहाची येळ झाली का तू चहाच्या होवर खून करतं, थे दाबते. मले वाटलं, असंच असते तुह्यावालं. शिकल्या पोरानं इचार करून खून कराची, मंग त्याईनं दाबाची."

"आणि पायाचं?"

धुरपताबाईचा हात थांबला. आता कुठं तिला त्याचा चेहरा दिसला.

"पायाचं बी तूच ठरवलं ना?" ती हळूच म्हणाली. "डॉक्टरसंग तूच बोलला होता. होवर खून केलती तू. मी म्हनलं, पोरगं शिकलेलं हाय, त्यानं पाहूनच केली असन. यायले बी तसंच वाटलं. थ्या दिवशी तुह्याकडं कितीक येळ पाहून राह्यले होते, पाह्यलं नाई का तू? मंग दाबलं. पोराची मर्जी हाय तं हाय."

रत्नदीपला बसवेना. तो उठला, दारापर्यंत गेला आणि परत आला, कारण बाहेर जाऊन करायचं काय? एवढे दिवस घरात सगळ्यांना माहीत होतं की निर्णय रत्नदीपचा आहे. नव्हतं माहीत ते एकट्या रत्नदीपला. बाबांना काय हवं होतं? ‘पुरा जाईन’ हेच हवं होतं? की खरंच जगायचं होतं, आणि हो हा त्यांचाच हो होता? चौकट नसती तरी हेच बटण दाबलं असतं का? कुणाला विचारायचं? ज्याला विचारायचं त्याच्याकडे जाणारी वाट त्यानंच अशी बांधली होती की आपलाच आवाज फिरून आपल्याकडे यावा.

तरी तो हिंगणघाटला जाऊन पुन्हा मदतीची पानं चाळू लागला. मनात एकच. चौकट नसलेला बॉक्स. बटणांची नावं बदलता येत होती, अक्षरं मोठी करता येत होती, चौकट इकडची तिकडं करता येत होती. पण एकही बटण आधी निवडलेलं नाही, असा बॉक्स मिळेना. कुठलंतरी एक निवडलेलं असायचंच. शेवटी त्यानं तयार बॉक्सचा नादच सोडला आणि स्वतःची खिडकी लिहिली. वर प्रश्न. खाली डावीकडे ‘हो’, उजवीकडे ‘नाई’, दोन्ही सारखीच, कशाभोवतीच काही नाही. कीबोर्डवरची डावी कळ म्हणजे हो, उजवी म्हणजे नाई. कळांवर त्यानं कागदाचे तुकडेही चिकटवले, हो आणि नाई असे. आता कुणाची मर्जी नाही, कुणाची खूण नाही.

रविवारी दुपारी लाइन होती. धुरपताबाई आत भाकरी थापत होती. रत्नदीपनं बाबांना बसवलं, गुंडी लावली. त्यानं कळा दाखवल्या, ही हो, ही नाई, दोनदोनदा समजावलं. आणि जे विचारायचं होतं तेच विचारलं. चहाबिहाचं काही नाही.

‘पाय काढला थे बरं झालं का?’

"बाबा, तुमच्या मनातलं सांगा," तो म्हणाला. "मी काई खून केली नाई. तुमी म्हनान थे. मले काई वाटनार नाई." हे शेवटचं खोटं होतं. त्याला वाटणार होतं, जन्मभर वाटणार होतं, पण तेही चालेल, फक्त एकदा बाबांचा स्वतःचा शब्द ऐकू येऊ दे, असं त्याला झालं होतं.

बाबांनी प्रश्न लावला. ओठ हलले. ‘पाय’पाशी थांबले, मग पुढं गेले. मग त्यांची नजर खाली उतरली आणि ‘हो’वर गेली. तिथून ‘नाई’वर. परत ‘हो’वर. ते पुढं वाकले. डावा हात उचलून त्यांनी पडद्याच्या काचेवर बोट ठेवलं आणि ‘हो’च्या कडेनं फिरवलं. मग ‘नाई’च्या कडेनं. काहीतरी पुसलं गेलंय, नीट पाहिलं तर दिसेल, अशा तऱ्हेनं ते काचेवर शोधत राहिले.

"नाई बाबा, खून नाई थितं. तुमीच सांगा."

बाबांनी मान वळवली. त्यांनी पोराकडे सरळ पाहिलं. त्या डोळ्यांत राग असता तर रत्नदीपनं तो आनंदानं घेतला असता. राग नव्हता. हाफिसात क्लार्क जागेवर नसला की दाराशी चपला काढून उभे राहत, तेव्हाचं ते गरीब, समजूतदार वाट पाहणं होतं. साहेब येतील, खूण करून देतील, मग सही करू.

थोड्या वेळानं त्यांनी हात काचेवरून काढला. चाचपडत तो रत्नदीपच्या हातावर आला. गाठी उचलून राठ झालेल्या त्या बोटांनी त्याचं बोट धरलं, पोराला पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला शिकवताना धरावं तसं, आणि ओढत कीबोर्डपाशी नेलं. दोन कळांच्या बरोबर मधोमध नेऊन सोडलं. मग हात मागं घेतला, मांडीच्या पट्टीवर ठेवला आणि सदऱ्याची गुंडी लागलेली आहे ना, ते चाचपून पाहिलं.

"का म्हनून राह्यले रे?" धुरपताबाईनं आतून विचारलं.

रत्नदीपचं बोट दोन कळांच्या मधे तसंच होतं. बाबा ताठ बसून त्या बोटाकडे पाहत होते.